दोन नळ्या आणि खराट्याची हीर

“चांदीचा गणपती साहेबांना दहा जण देतील! पण बंदूक कोण देणार, सांगा!”

असं म्हणत जयवंतकाकाने चादर उलगडली आणि गावाहून आणलेली, त्याच्या वडिलांची म्हणजे आबांची ठासणीची बंदूक जेवणाच्या टेबलावर ठेवली. दोन नळ्यांची, काळपट लाकडी दस्त्याची. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, अशी ती जुन्या चालीची बंदूक होती.

काका मढच्या बंगल्यांमध्ये शूटिंगचे सेट उभारायचा. ज्यांच्यासाठी तो काम करायचा त्या साहेबांचा आज साठावा वाढदिवस होता. पुढच्या मालिकेचं काम हवं असेल तर भेटही जोरदार हवी, असं त्याला वाटत होतं.

“घड्याळ द्या ना, बाबा,” हर्षद म्हणाला. “ते निदान चालतं तरी! ही वाजते का?”

“वाजते म्हणजे? ह्या टोप्या बघ!” काकाने आबांची पत्र्याची डबी हलवून दाखवली. “घोड्याखाली एक टोपी बसवायची, चाप ओढायचा, टक्! नुसता आवाज. साहेब नातीला कडेवर घेऊन चाप ओढणार आणि मी फोटो काढणार! झकास ना? चला, चार वाजता निघायचंय. तोवर चकाचक करून ठेवा पोरांनो!”

आणि तो शिट्टी वाजवत अंघोळीला गेला. भेट ठरवताना त्याने घरात कोणाला विचारलं नव्हतं. हे त्याच्या स्वभावाला धरूनच होतं.

 काकाची पुतणी श्रुतिका मानखुर्दहून मे महिन्याच्या सुटीत मुलुंडला काकाकडे आली होती. फेब्रुवारीत गावी आबा गेले. सकाळी माकडं हाकायला काजूच्या बागेत गेले आणि दुपारी तिथेच पडलेले सापडले, बंदूक शेजारी. त्या दिवसापासून तिला काहीच वाटत नव्हतं. ती रडली नाही, परीक्षा दिली, पासही झाली. आताही आबांची बंदूक परक्या घरी चालली होती आणि तिला वाईटसुद्धा वाटत नव्हतं. त्याचीच तिला थोडी भीती वाटायची.

“ए श्रुती, पुसायचं ना?” शेजारच्या किरणने हाक मारली. किरणला कामाची भारी हौस. तिने खराट्यातून एक लांब हीर उपसून आणली होती. बंदूक भिंतीला टेकवून उभी केली आणि तिने हीर डाव्या नळीत सोडली. हीर सर्रकन खाली गेली. मग तीच हीर उजव्या नळीत सोडली.

“अगं, ही अडकतेय! चार बोटं वरच राहिली!”

“कचरा असेल,” हर्षद म्हणाला. “नाहीतर झुरळाने वन बीएचके घेतला असेल आत!”

किरण हसली. श्रुतिका हसली नाही. तिला आबांचा आवाज स्पष्ट आठवला. ‘गज दोनय नळयांत सारखो उतारलो, तरच बंदूक घरात हाडूची!’ म्हणजे ठासायची सळई दोन्ही नळ्यांत सारखीच खोल गेली, तरच बंदूक घरात आणायची.

“तोंडासमोर कोणी येऊ नका,” ती म्हणाली. “उजवी नळी भरलेली आहे.”

“काय?”

“आबांनी त्या सकाळी भरली असेल. उडवायच्या आधीच ते गेले. मग कोणीतरी उचलून खुंटीला अडकवली.”

हर्षदचा चेहरा उतरला. “आणि साहेबांची नात कडेवर! वाट लागली यार! बाबा! ओ बाबा!”

काका टॉवेलने डोकं पुसत आला, ऐकलं आणि खो खो हसला. “माझ्या बापाची बंदूक मला शिकवता? आबा भरलेली बंदूक घरात ठेवायचेच नाहीत!”

“आबांनी ती घरात ठेवलीच नाही, काका,” श्रुतिका शांतपणे म्हणाली.

“पुरे! सुटीत डोकी रिकामी आहेत तुमची! मी शर्ट घालतो आणि निघतो.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“काकाला दहा मिनिटं अडकव,” श्रुतिका हर्षदला म्हणाली.

“दहा कशाला, वीस घे!” हर्षद आत पळाला. “बाबा, ह्या शर्टाला पाठीमागे सेटचा रंग लागलाय! शी! साहेब काय म्हणतील?”

“कुठे रे? दिसत नाही!”

“तुम्हाला पाठ कशी दिसेल? दुसरा काढा, मी इस्त्री तापवतो!”

इकडे मुलींनी बंदूक उभीच धरून बाथरूममध्ये नेली. किरणने तांब्याने डाव्या नळीत पाणी ओतलं. घोड्याखालच्या बारीक भोकातून ते लगेच ठिबकायला लागलं. मग उजवी नळी भरली. पाणी काठोकाठ आलं आणि तिथेच थांबलं. खाली एक थेंब नाही!

“अरे देवा! काय चाललंय हे!” काका दारात उभा होता. अंगात अर्धाच शर्ट. “माझी भेट बुडवलीत!”

“ह्या नळीतून पाणी येतंय,” श्रुतिका म्हणाली. “ह्या नळीतून का येत नाही, काका?”

काकाने वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग तो बाथरूमच्या उंबऱ्यावरच खाली बसला. 

“दारू भिजली असेल, पण कोणी हात लावू नका,” तो म्हणाला. “हर्षद, माझा फोन आण. पोलिसांना बोलवायला हवं.”

तासाभराने आलेल्या इन्स्पेक्टर दर्शना मॅडमनी काकाला चांगलंच फैलावर घेतलं. “परवाना तुमच्या वडिलांच्या नावाचा! ते गेल्यावर बंदूक जमा करायची असते, वाढदिवसाला वाटायची नसते!” काका मान खाली घालून ऐकत राहिला.

दोन दिवसांनी सगळ्यांना पोलीस ठाण्यात बोलावलं. बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर आले होते. त्यांनी टोकाला पीळ असलेली लांब सळई उजव्या नळीत फिरवली आणि हळूहळू ओढली. आधी कापडाचा बोळा आला, मग मूठभर छर्रे, मग काळा चिखल.

“एवढ्याने एक माणूस सहज गेला असता,” कारागीर म्हणाले.

“ह्या तीन पोरांनी एक जीव वाचवला!” दर्शना मॅडमनी तिघांशी हात मिळवला. “शाबास! मोठ्यांपेक्षा शहाणी आहात!”

“ते खरंय,” काका म्हणाला. “चुकलो मी.”

हर्षदची छाती फुगली. किरण लाजली. श्रुतिका मात्र टेबलावरच्या बोळ्याकडे बघत होती. तिने तो उचलला आणि बोटांनी उलगडला. काजळी लागलेलं पिवळं कापड, त्यावर बारीक निळे मासे.

“माझा फ्रॉक,” ती म्हणाली. “आखूड झाला म्हणून मी गावाला टाकून आले होते. आबांनी ठेवला होता.”

एवढं बोलून ती रडायला लागली. तीन महिन्यांचं रडू एकदम आलं, हुंदके देऊन, मोठ्याने. काकाने तिला जवळ घेतलं. तोही रडत होता. दर्शना मॅडमनी दार लोटून घेतलं आणि बाहेरच्यांना थोडं थांबायला सांगितलं.