उतरायचा जिना

कुरिमोतो मास्तरांना ओसाकाच्या गल्लीन् गल्लीचा इतिहास तोंडपाठ होता. त्यांच्या लहानपणीच पाडलेल्या नऊ मजली मनोऱ्याच्या जिन्यांचे तुकडे कुठेतरी शिल्लक आहेत, असं कळल्यावर त्यांनी घरी बसणं शक्यच नव्हतं. रविवारी दुपारी आपल्या सात वर्षांच्या लेकीला, फुमीला, घेऊन ते म्हाताऱ्या ओत्सुनेबाईंच्या समुद्री शेवाळाच्या दुकानात पोचले.

म्हातारीच्या बापाने ते दोन तुकडे आणून घरात माळ्यावर जायला बसवले होते. एक चढायचा, एक उतरायचा, मधे फळ्यांची भिंत. मनोऱ्यात चढणाऱ्यांची उतरणाऱ्यांशी कधी गाठ पडत नसे.

"खडावा इथे काढा," ओत्सुनेबाई म्हणाल्या. "उतरताना मात्र पलीकडच्या जिन्याने. मागच्या गल्लीत निघाल. चढायच्या जिन्याने उतरू नये, असं बाप सांगायचा."

"का बरं?"

"विचारलं असतं तर थोबाडीत बसली असती, मास्तर."

फुमी शेवाळाचा गोड तुकडा चघळत होती. "लवकर या हं बाबा. इथे वास येतो."

"हा आलोच."

माळ्यावर पिंपं होती आणि धूळ. मास्तरांनी वहीत लिहिलं, पायऱ्या एकोणीस. मग ते उतरायच्या जिन्यापाशी थबकले. पायांत नुसते पांढरे मोजे. गल्लीतल्या चिखलातून तसंच दुकानात यायचं? शाळेतल्या कुणी पाहिलं तर शोभाच व्हायची. माणूस खडावा काढल्या तिथेच परत जातो. ते आल्या जिन्यानेच उतरले.

एकोणीस झाल्या. मग तीस. मग साठ.

झरोक्यातून कौलं दिसली, फार खाली. नदीत शिडाच्या होड्या होत्या. येताना पाहिलेल्या ट्रामच्या तारा कुठेच नव्हत्या.

आपण पोरीला एकटीला खाली सोडून आलो, एवढंच मास्तरांना सुचत होतं.

"फुमी!"

"बाबा?" आवाज फळीच्या पलीकडून आला, अगदी जवळून. "मी तुम्हाला शोधायला वर येतेय."

"कुठल्या जिन्याने?"

"गल्लीतल्या."

"थांब. हलू नकोस."

पण पावलं वर गेली. मास्तर मागोमाग वर धावले, तर ती खाली चालली होती. ते उतरले, तर ती चढत होती. त्यांनी फळीला खांदा दिला, नखं रोवली. फळी हलली नाही.

झरोक्यात दुपार तशीच होती.

"बाबा, सापडेपर्यंत शोधणार मी."

मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी फळीला कान लावला. पावलं पुन्हा येत होती, सावकाश. दोन पावलांच्या मधे आता काठीचा ठोका वाजत होता.