हुकूम पोचेपर्यंत

बोरखेड्याच्या मैदानावर एका कोड्याने सगळ्यांना छळले होते. जुईली गवळी ही बारा वर्षांची मुलगी सरावात अडीच-पावणेतीन मिनिटे कुणाच्या हाती लागत नसे. पाठलाग करणारी दमून गुडघ्यांवर हात टेकायची आणि ही खांबाला वळसा घालून पुन्हा पुढे. तीच जुईली खऱ्या सामन्यात उतरली की पाऊण मिनिटही टिकत नसे. गेल्या तीन सामन्यांचे आकडे संघाच्या प्रशिक्षक नसीमताईंना तोंडपाठ झाले होते: अडतीस सेकंद, एकेचाळीस सेकंद, एकोणतीस सेकंद.

साल होते २०६१. खो-खोच्या मैदानाला चारी बाजूंनी कॅमेरे होते, बुटांच्या तळव्यात पावलांची नोंद घेणाऱ्या पट्ट्या होत्या. हे सगळे असूनही कारण शोधायला यंत्राची गरज नव्हती. कारण निळी टोपी घालून मैदानाच्या रेषेवरून चालत असे.

ते जुईलीचे बाबा, विश्वंभर गवळी. जुईली पळायला उतरली की ते रेषेच्या बाहेरून तिच्याबरोबर इकडून तिकडे जात. "आत घे", "खांब सोड", "मागं बघ", "अगं आत घे म्हणतोय ना". त्यांचा घसा बसे, पण तोंड थांबत नसे. सामना संपला की गाडीत तोच सामना पुन्हा पहिल्यापासून. तिथे वळायला हवे होते, इथे घाई केलीस. घर येईपर्यंत जुईली खिडकीच्या काचेवर कपाळ टेकवून बसे आणि विजेचे खांब मोजे.

नसीमताईंनी त्यांना दोनदा सांगून पाहिले. पहिल्यांदा त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या सामन्याला पलीकडच्या रेषेवर जाऊन उभे राहिले. दुसऱ्यांदा म्हणाले, मी काय चुकीचं सांगतो का ते दाखवा.

ताईंनी खरेच पाहिले. तिन्ही सामन्यांचे चित्रण त्यांनी थांबवून थांबवून पाहिले आणि वैतागाने कपाळावर हात मारला. बाबांच्या दहा सूचनांतल्या सात बरोबर होत्या. बरोबर सूचना, ती ऐकणारी चपळ मुलगी, आणि तरी ती बाद. आता काय म्हणावे?

शुक्रवारी सराव संपल्यावर ताईंनी जुईलीला पाण्याच्या टाकीपाशी थांबवून घेतले. रविवारच्या सामन्यातून जिल्ह्याचा संघ निवडायचा होता.

"जुईली, तुझ्यावर माझा राग नाही बघ," त्या म्हणाल्या. "पण रविवारी तुझे बाबा रेषेवर आले, तर मी तुला बाहेर बसवणार. बाकीच्या पोरींनी काय घोडं मारलंय? आणि मी सांगून दमले. आता तूच सांग."

जुईलीने घरी आईला विचारले. आई म्हणाली, मी बोलले की त्यांचं एकच, पोरीच्या भल्यासाठी करतो. भल्याच्या पुढे बोलायला जागाच ठेवत नाहीत.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. बाबांबरोबर त्यांच्या कामावर जावे आणि वाटेत बोलून टाकावे, असे जुईलीने ठरवले. वाटेत बाबांनी तिला एकोणतीस सेकंदांच्या सामन्यात काय चुकले ते सांगितले. तिला तोंड उघडायला संधी मिळाली नाही आणि त्यांचे नियंत्रण केंद्र आले.

बाबांचे काम गावाबाहेरच्या माळावर होते, पण त्यांचे यंत्र चंद्रावर होते. चंद्राच्या मातीतून बर्फ खणून काढणारी सहा पायांची काळी यंत्रे तिकडे चालत. सगळे त्यांना मुंगळा म्हणत. माळावरच्या मोठ्या तबकडीतून हुकूम जाई, मुंगळा तो पाळी, आणि तिकडचे चित्र इकडच्या पडद्यावर येई. बाबा मुंगळे चालवत आणि नव्या चालकांना शिकवत. शिकाऊ लोकांसाठी एक म्हातारा मुंगळा राखून ठेवला होता. त्याच्या अंगावर इतके पोचे होते की तो भांडीवाल्याकडून आणल्यासारखा दिसे.

"चालवून बघतेस?" बाबांनी विचारले. "ते दोन लाल झेंडे दिसतात ना, त्यांच्यामधून न्यायचा. चाळीस मीटर. बाकी काही नाही."

जुईली खुर्चीत बसली. झेंडे थोडे डावीकडे होते. तिने दांडी डावीकडे केली. मुंगळा सरळच चालत राहिला. तिने आणखी डावीकडे केली. तरी सरळच. ती चिडली आणि दांडी पार टोकाला नेली, तेवढ्यात मुंगळा असा गर्रकन डावीकडे वळला की झेंडे पडद्याच्या बाहेर गेले. तिने घाबरून उजवीकडे ओढली. तो वळतच राहिला. आणखी उजवीकडे. मग तो उजवीकडे वळला तो थांबेचना. दारू प्यायल्यासारखा झुलत झुलत मुंगळा एका खड्ड्याच्या काठावर गेला, आणि तिने थांब म्हटल्यानंतरही तीन पावले चालून आत कोसळला.

मागे बसलेले दोन शिकाऊ चालक खुशीत आले. केंद्रात एक रीत होती. पहिल्या हुकमाचा परिणाम दिसायच्या आत जो दुसरा हुकूम सोडेल, त्याने पाळीवरच्या सगळ्यांना चहा करायचा. पोरीने सात उतावळे हुकूम सोडले, आज चहाला तोटा नाही, असे ते म्हणाले.

"हे यंत्र बिघडलंय," जुईली म्हणाली.

"यंत्र ठणठणीत आहे. बिघडलं कुठं ते बघ," असे म्हणून बाबांनी खुर्ची ओढली. शिकवायला बसले की ते वेगळेच माणूस होत. आवाज खाली येई, घाई निघून जाई.

त्यांनी एकेक पायरी उलगडली. चंद्र इथून पावणेचार लाख किलोमीटरांच्याही थोडा पलीकडे. प्रकाश आणि रेडिओलहरी एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातात. त्याहून वेगाने काहीच जात नाही. म्हणजे हुकूम पोचायला सव्वा सेकंद, आणि मुंगळा वळला हे चित्र परत यायला आणखी सव्वा सेकंद. याला विलंब (निघालेली गोष्ट पोचायला लागणारा वेळ) म्हणतात. पडद्यावर दिसतो तो आत्ताचा मुंगळा नसतोच, तो सव्वा सेकंदापूर्वीचा असतो. आणि आपला हुकूम ज्याला मिळतो, तो त्याच्याही पुढे गेलेला असतो.

"आपल्या न्हाणीघरात काय होतं?" बाबांनी विचारले. "गरम पाण्याची टाकी गच्चीवर, नळी लांबलचक. तू गरम नळ सोडतेस, गारच येतं. आणखी सोडतेस, तरी गार. मग पूर्ण सोडतेस, आणि मग?"

"चटका बसतो. मग मी बंद करते, की गार."

"पाणीही बरोबर, नळही बरोबर, तुझा हातही बरोबर. फक्त नळी लांब."

परिणाम पाहून पुढचे काम बदलणे याला प्रत्याभरण (केलेल्या कामाची खबर परत येणे आणि तिच्यावरून काम सुधारणे) म्हणतात, असे त्यांनी सांगितले. खबर ताजी असेल तर प्रत्याभरणासारखा गुरू नाही. खबर शिळी झाली की तोच गुरू माणसाला खड्ड्यात घालतो, कारण प्रत्येक सुधारणा आधीच्या चुकीवर होते आणि तोवर चूक बदललेली असते. मग इकडून तिकडे हेलकावे सुरू होतात.

"मग तुम्ही कसे चालवता?"

"आम्ही चालवतच नाही," बाबा हसले. "निघायच्या आधी मुंगळ्याला कुठं जायचं ते सांगतो. वाटेत दगड आला तर तो त्याच्या डोळ्यांनी बघतो आणि त्याचा तो ठरवतो. त्याला स्वयंनिर्णय (समोरचं पाहून जागच्या जागी स्वतः ठरवणं) म्हणतात. आपण हात मांडीवर ठेवून बसायचं. हेच शिकवायला मला सहा महिने लागतात. शहाणीसुरती माणसं, पण हात राहत नाहीत त्यांचे. तो चाललेला असतो नीट, आणि हे मधेच हुकूम सोडतात. मग त्या बिचाऱ्याला कळत नाही, आपलं ऐकावं की यांचं. तिथंच पाय अडखळतो."

जुईली पडद्यावर खड्ड्यात पडलेल्या मुंगळ्याकडे पाहत राहिली. बाबांना वाटले, पोरीला अवघड गेले असावे. ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागणार, तोच ती म्हणाली, "मग माझ्या सामन्यात तुम्ही काय करता?"

मागचे शिकाऊ चालक एकदम पडद्याकडे पाहू लागले.

"तिथं कुठं चंद्र आहे?" बाबा म्हणाले. "पंधरा मीटरवर तर असतो मी. हाक मारली की पोचली."

जुईलीने समोरची पाटी ओढली आणि लिहायला लागली. बाबांना दिसायला आणि उमगायला पाव सेकंद. ठरवून शब्द तोंडातून निघायला अर्धा सेकंद. आवाज पंधरा मीटर यायला फार थोडा, ते सोडून देऊ. तिने ऐकून पाय वळवायला आणखी पाव सेकंद. सगळे मिळून एक सेकंद. मागची मुलगी एका सेकंदात पाच-साडेपाच मीटर येते.

"तुम्ही 'आत घे' म्हणता तेव्हा ते बरोबर असतं. मला ऐकू येतं तेव्हा ते शिळं झालेलं असतं. मी वेगळं ठरवून निघालेली असते, तुमचा आवाज आला की पाय अर्धा वळतो. तेवढ्यात खांद्यावर हात पडतो."

बाबांनी पाटी हातात घेतली. बेरीज पुन्हा केली. अर्धा सेकंद जरा जास्त धरलाय, असे पुटपुटले. मग चाळीस शतांश धरून पाहिले. फार फरक पडला नाही.

"मी बाप आहे तुझा. यंत्र आणि तू एक का?" त्यांचा आवाज चढला होता.

"मुंगळ्याचं तुम्ही जास्त ऐकता," जुईली म्हणाली. तिचाही आवाज चढला. "रविवारी तुम्ही रेषेवर आलात तर ताई मला बसवणार आहेत. आणि बाबा, मला वाटतं त्यांनी बसवावं. मला असं नाही खेळायचं."

बाबांचा चेहरा उतरला. चहा आला, कुणी केला ते कुणी विचारले नाही. बाबांनी कप तसाच ठेवला.

"मग मी काय करू? नुसता बघत बसू?" थोड्या वेळाने त्यांनी विचारले. प्रश्न रागाचा नव्हता. त्यांना खरेच माहीत नव्हते.

मग घासाघीस सुरू झाली. भाजीबाजारात होत नाही एवढी झाली. सामन्याआधी दहा मिनिटे बाबांनी काय हवे ते बोलायचे. शिट्टी वाजली की तोंड बंद, जागा पायऱ्यांवर, रेषेपासून लांब. टाळ्या चालतील. नाव घेऊन ओरडणे चालणार नाही. "शाब्बास"वर बराच खल झाला. शेवटी दोन्ही संघांना मिळणार असेल तरच शाब्बास, असे ठरले. गाडीत सामन्याचा विषय जुईलीने काढला तरच निघेल. हे शेवटचे कलम बाबांना सगळ्यांत जड गेले. ते म्हणाले, आणि तू काढलाच नाहीस तर? जुईली म्हणाली, तर नाही.

रविवारी बाबा पायऱ्यांवर सगळ्यांत वर बसले. जुईली उतरली तेव्हा ते उठले, बसले, पुन्हा उठले. शेजारच्या माणसाने त्यांना विचारले, तब्येत बरी आहे ना? एकदा त्यांचे तोंड उघडलेले तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले. आवाज मात्र आला नाही. मग ती त्यांच्याकडे पाहायची विसरली. पहिल्यांदाच तिच्या कानांत फक्त मागच्या पावलांची धपधप होती. ती दोन मुलींच्या मधून आत शिरली, बाहेर आली, खांबाला वळसा घातला, पुन्हा आत. दोन मिनिटे चार सेकंद झाली तेव्हा तिच्या पाठीवर हात पडला.

परतताना गाडीत इतकी शांतता होती की जुईलीलाच ती टोचायला लागली. बाबांच्या गालाचे स्नायू हलत होते. दोन चौक मागे पडल्यावर तिने विषय काढला.

"मी खांब फार जवळून घेतला. म्हणून गेले."

बाबांचा श्वास सुटला. "मला वाटलं तू आत घ्यायला हवं होतंस. वरून मोकळी जागा दिसत होती."

"मोकळी नव्हती. चौथ्या जागी बसलेल्या मुलीच्या टाचा उचलल्या गेल्या होत्या. ती खो मिळण्याची वाटच बघत होती. मी आत गेले असते तर तिच्याच पुढ्यात."

"हे वरून दिसलं नाही मला," बाबा म्हणाले.

"दिसणारच नाही. ते तिथूनच दिसतं."

बाबांनी मान डोलावली, आणि या वेळी ती नुसती डोलावलेली नव्हती. थोड्या वेळाने ते आपणहून सांगू लागले, की पुढच्या वर्षी मुंगळे मंगळावर जाणार आहेत. तिथे हुकूम पोचायला कधी तीन मिनिटे, कधी बावीस मिनिटे. तिथल्या मुंगळ्यांना सगळे स्वतःच ठरवावे लागेल. नव्या चालकांना शिकवताना विलंबाचा धडा आता खो-खोच्या मैदानापासून सुरू करावा म्हणतो, असेही म्हणाले.

संध्याकाळी यादी लागली. बारा नावांत जुईलीचे नववे होते. नाशिकला दहा दिवसांचे शिबिर, घरच्यांना प्रवेश नाही.

निघायच्या दिवशी बसच्या दारापाशी बाबा उभे होते. सामन्याआधीची दहा मिनिटे त्यांच्या वाट्याची होती, तशी ही पण असावीत असा त्यांचा हिशेब. मनात सांगण्यासारख्या शंभर गोष्टी तरी असणार, ते चेहऱ्यावरच दिसत होते. मागून बसचालक हॉर्न वाजवत होता.

"एकच सांगू?"

"सांगा."

बाबांनी बराच विचार केला.

"पाणी पीत जा," ते म्हणाले, आणि दारापासून बाजूला झाले.