रेडियमच्या चार पट्ट्या

ही गोष्ट मी एकदाच सांगणार आहे. मध्ये कोणी "भास झाला असेल" म्हणालं, तर तिथेच थांबणार आहे.

गेल्या डिसेंबरातला गुरुवार होता. काम साधं होतं. वरातीला गेलेली आमची घोडी घरी आणायची. लग्नाचं लॉन कोराडी रोडवर, आणि आमची वस्ती तिथून पाच किलोमीटरवर, वीजकेंद्राच्या पलीकडे. घोडीचं नाव मलाई. पांढरी, शांत, बँडबाजा आणि फटाक्यांना सरावलेली. माझे बाबा, ताराचंद, तिला नवरदेवांसाठी भाड्याने देतात. तिला नेण्या-आणण्याचं काम आमचा पगारी माणूस जितेंद्र करतो, पण त्या दिवशी तो तापाने फणफणला होता. मी नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसातून दोन दिवसांची सुट्टी घेऊन घरी आले होते. लहानपणापासून घोडीवर बसते, त्यामुळे मीच म्हटलं, मी जाते.

त्याच्या आदल्या वर्षापर्यंत हे काम माझा धाकटा भाऊ करायचा. प्रीतम. एकवीस वर्षांचा होता. त्या आदल्या हिवाळ्यात, याच रस्त्यावर, संध्याकाळी सातच्या सुमाराला, मलाईला घरी आणताना त्याला मागून ट्रकने उडवलं. ट्रक थांबला नाही, सापडलाही नाही. मलाई मागच्या पायाला जखम घेऊन एकटीच घरी आली होती.

त्याच्याबद्दल सांगायचं तर आधी आमच्याकडची एक पद्धत सांगावी लागेल. वरातीत घोडीवर आरशांची झूल असते, कपाळावर चमकीचा तुरा असतो, पायात जरीचे तोडे असतात. नवरदेव उतरला की लॉनच्या फाटकाशीच हे सगळं काढायचं आणि टेम्पोत भरायचं. घोडी उघडी घरी येते. दुसऱ्याच्या लग्नाची चमक आपल्या दारात आणली तर बदल्यात घरचं माणूस जातं, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे अंधारात, कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर, जिच्या अंगावर एखादा आरसा तरी असावा, तीच घोडी बिनचमकीची चालते. तिच्यामागे बाबांनी टेम्पो हळूहळू आणायचा, एवढीच काय ती सोय.

मी यावरून खूप भांडले होते. "पांढरी घोडी हाय वं, आंधळ्यालेही दिसते," बाबा म्हणायचे. त्यांना कोण सांगणार, की धुक्यात सगळ्यात आधी पांढरंच नाहीसं होतं. शेवटी मीच रेडियमचं कापड आणलं आणि चार पट्ट्या शिवल्या, घोडीच्या गुडघ्याखाली बांधायच्या. तीन चंदेरी. चौथ्या पट्टीला कापड पुरलं नाही, म्हणून ती लाल.

"ताई, आता हिले नंबर प्लेट पण लाव," प्रीतम हसला होता. "अन् पीयूसी काढून आण." पण हसता हसताच त्याने पट्ट्या बांधून बघितल्या होत्या.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चारही पट्ट्या तबेल्यातल्या खुंटीवर होत्या. बाबा म्हणाले, "घरीच विसरला पोरगा." मी हात लावला तर ओलसर लागल्या. दव असेल, असं मला वाटलं.

मी भावासाठी रडले नाही. लोक म्हणाले, बहिणीला धक्का बसलाय. धक्का नव्हता, संताप होता. एवढं सांगून, शिवून देऊनसुद्धा पायात चार पट्ट्या बांधायला जमलं नाही याला? वर्षभर त्याच्या फोटोपुढून जाताना मी मान वळवायचे. तेराव्याला आईला म्हणाले होते, "आपल्या आळसानं गेला तो." आई पदराने डोळे पुसत राहिली.

तर त्या गुरुवारी खुंटीवरून पट्ट्या काढून मी बॅगेत टाकल्या.

"राहू दे त्या," बाबा म्हणाले.

"काहून? लॉनवाल्यांची चमक थोडीच आहे ती? माझी आहे."

त्यांनी तोंड फिरवलं आणि टेम्पोकडे गेले.

सहा वाजता नवरदेव उतरला. झूल, तुरा, तोडे टेम्पोत गेले. मी चारही पट्ट्या बांधल्या. लाल मागच्या डाव्या पायाला. जेवणाच्या मांडवामागे बाबांचे दोन-तीन दोस्त उभे होते, हातात स्टीलचे ग्लास. बाबा तिकडे बघत म्हणाले, "तू हो पुढं. पाच मिनिटात मागं येतो."

"पाच म्हणजे पाच, बाबा."

"हो वं माझ्या माये. इन्स्पेक्टर झाली मोठी."

लॉनचे दिवे मागे पडले आणि धुकं सुरू झालं. नागपूरच्या थंडीत शहरात धुकं विरळ असतं, पण तिकडे राखेचा बारीक धुरळा हवेत लटकत राहतो. दोन्ही मिसळलं की कोणीतरी ओली गोधडी तोंडावर टाकल्यासारखं वाटतं. जळक्या कोळशाचा वास, ओल्या मातीचा वास, आणि मलाईच्या गरम अंगाचा. तिचे कान मला दिसत होते, त्यापुढचं काही नाही. डांबरावर टापा वाजत होत्या. टप, टप, टप, टप. समोरून ट्रक आला की आधी धुकं पिवळं व्हायचं, मग जमीन थरथरायची, मग गरम वाऱ्याचा फटका बसायचा. मलाई एकदाही बिचकली नाही. ट्रकांना ती कधीच घाबरत नाही.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मागे टेम्पो नव्हता.

दीडेक किलोमीटर गेल्यावर मला टापा जास्त ऐकू यायला लागल्या.

आधी वाटलं, भिंतीवरून आवाज परत येतोय. पण तिथे भिंत नव्हती, दोन्हीकडे मोकळी शेतं. मी लगाम खेचला. मलाई थांबली. पुढे टापा चालूच होत्या. टप, टप... मग त्याही थांबल्या, जणू कोणीतरी वळून आमची वाट बघत होतं.

"कोण आहे समोर?" मी ओरडले. "दुसरी वरात आहे का?"



तेवढ्यात मागून लांबवर एका ट्रकचा उजेड आला, आणि समोर, वीसेक पावलांवर, जमिनीपासून हातभर उंचीवर चार ठिपके पेटले. तीन चंदेरी, एक लाल. मागचा डावा.

वर घोडा नव्हता. माणूस नव्हता. धुकं होतं, आणि त्याच्याखाली चार पट्ट्या चालत होत्या. एक पुढे, एक मागे, घोडी चालते तशा.

मी खाली वाकून मलाईच्या पायांकडे बघितलं. ट्रकचा उजेड तिच्या पायांवर सरळ पडत होता. तिच्या पट्ट्या चमकत नव्हत्या. काळ्या पडल्या होत्या. मी खाली उतरून पुढच्या पायाच्या पट्टीला हात लावला. पट्टी जागेवर होती. पण ओली. गच्च ओली, नुकतीच बादलीतून काढल्यासारखी.

ट्रक बाजूने निघून गेला आणि पुन्हा अंधार झाला. मी पुन्हा मलाईवर चढले. 

"प्रीतम...?" मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. वर्षभर मी ते नाव घेतलं नव्हतं.

टापा पुन्हा सुरू झाल्या, पण आता डांबरावर नाही. मातीवर. डावीकडे, रस्ता सोडून, तुरीच्या शेतात. मलाई माझ्या हाताला जुमानेना. तिने मान झुकवली आणि त्या आवाजामागे रस्त्याखाली उतरली. मी लगाम ओढला, टाचा मारल्या. ती शेतात दहा पावलं आत जाऊन उभी राहिली. आणि मग थरथरायला लागली. ट्रकच्या वाऱ्याने न हललेली घोडी पायापासून कानापर्यंत कापत होती.

मला आधी काही ऐकू आलं नाही. तिला आलं होतं.

टेम्पो. आमचा टेम्पो. त्याच्या इंजिनाची खरखर मी झोपेतही ओळखेन. तो हळू येत नव्हता. एकच दिवा मिणमिणत होता. जिथे एका मिनिटापूर्वी मी होते, त्याच कडेवरून तो सुसाट गेला, आणि पुढे करकचून ब्रेक लागला. रबर जळल्याचा वास आला. दार उघडलं.

बाबा धुक्यात धावत होते. मला त्यांचा नुसता आवाज येत होता.

"प्रीतम! ए प्रीतम! कुठं हायेस बेटा!"

वैभवी नाही म्हणाले. मी त्यांची मुलगी, त्या रस्त्यावर घोडीवर होते, आणि त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

मी शेतातच थांबले. ते रस्त्याच्या कडेला बसले असावेत, कारण आवाज खालून यायला लागला. पुटपुटत होते.

"आताबी दिसल्या रे... तवाबी दिसल्याच होत्या. चमकून राहिल्या होत्या. पाय ब्रेकवर गेलाच नाही माझा..."

ते वाक्य कळायला मला थोडा वेळ लागला. मग एकदम सगळं कळलं. प्रीतम गेल्यावर आठवड्याभरात बदललेला टेम्पोचा बंपर. लग्नसराईसाठी म्हणून केलेला रंग. खुंटीवरचं दव.

मी मलाईवरून उतरले आणि रस्त्यावर आले.

"ट्रक नव्हता ना, बाबा?"

ते दचकून उठले. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तोंडाला दारूचा वास होता.

"वैभवी... तू... लागलं नाही ना वं तुले?"

"ट्रक नव्हता ना?"

त्यांनी बाहीने तोंड पुसलं. मग ते म्हणाले, "पोरगा गेलाच होता. मी जेलात जाऊन काय परत आला असता? तुझी माय एकटी पडली असती."

"पट्ट्या घरी विसरला, असं तुम्ही मला सांगितलं. तुम्हीच त्याच्या घोडीच्या पायातून काढल्या."

"मी काढल्या." ते जमिनीकडे बघत होते. "धुतल्या तुझ्या मायनं. म्हणे, पोरीले समजलं का पट्ट्या बांधल्या होत्या, तर ती विचारेल, मंग दिसल्या काहून नाहीत."

आई. तेराव्याला डोळे पुसत बसलेली आई. मी भावाला आळशी म्हणत होते आणि ती ऐकून घेत होती. घरात तिघं होतो, दोघांना माहीत होतं, आणि मी एकटी एका मेलेल्या मुलाशी वर्षभर भांडत होते.

"त्याले काही त्रास नाही झाला बेटा," बाबा हात जोडून म्हणाले. "लागल्याबरोबर गेला. तिथंच. एक शब्दही नाही बोलला. तुझी शपथ."

"माझी शपथ घेऊ नका."

"मोठ्या माणसाचं ऐकत जा जरा. घरी चाल. घरात बोलू."

घरात बोलून काय होतं ते मी बघितलं होतं. मी टेम्पोची किल्ली काढून शेतात फेकली, मलाईवर बसले आणि तिला मागे वळवलं. ठाणं लॉनच्या पुढच्या चौकात होतं. बाबा मागून हाका मारत राहिले. आता मात्र माझं नाव घेऊन.

ठाण्यात एक हवालदार होता, पन्नाशीचा, मफलर गुंडाळलेला. मलाईला बाहेर बांधून मी आत गेले तेव्हा त्याला वाटलं, घोडी चोरीला गेल्याची तक्रार आहे.

"घोडी तर बाहेरच हाय, मॅडम."

मी सांगितलं, मागच्या वर्षीच्या अपघाताबद्दल जबाब द्यायचाय. टेम्पो माझ्या वडिलांचा होता. माझा चेहरा बघून त्याने खुर्ची दिली, ग्लासभर पाणी आणून टेबलावर ठेवलं आणि कागद घेतला. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. पट्ट्यांचं सांगितलं, बाबा काय बोलले ते सांगितलं. धुक्यात काय दिसलं, ते सांगितलं नाही. तेवढी अक्कल मला होती.

झाल्यावर तो म्हणाला, "वाचून दाखवतो. मग सही करा."

त्याने वाचायला सुरुवात केली. तारीख, नाव, लॉन, रस्ता. सगळं मी सांगितलं तसं. मग तो त्याच संथ आवाजात पुढे वाचत गेला.

"धडक बसल्यावर टेम्पो थांबला. वडील खाली उतरले व त्यांनी नाव घेऊन हाक मारली. त्यांना उत्तर मिळाले. दोन्ही पाय हलत नव्हते, परंतु बोलता येत होते. पाणी मागितले. वडिलांनी आधी घोडीच्या पायातील पट्ट्या सोडल्या. नंतर ते टेम्पोत जाऊन बसले व दिवा बंद केला. त्यानंतर अंदाजे वीस मिनिटे पाणी मागितले. टेम्पोचे दार उघडले नाही..."

"थांबा," मी म्हटलं. "हे मी सांगितलं नाही."

हवालदाराने चष्म्यावरून बघितलं. "सांगितलं ना. मधात आवाज बसला होता तुमचा, घोगरा झाला होता. मान खाली घालून सांगत होत्या. मी म्हटलं, थांबा, आधी पाणी घ्या. मग प्यायलात अन् पुढचं सांगितलं."

मी टेबलाकडे बघितलं. मी पाण्याला हात लावला नव्हता.

ग्लास रिकामा होता. त्याच्या काठाला ओल्या राखेचा ठसा होता.