गुलाबी खांबातल्या सात ओळी

त्याच्या आरशातलं ऊन थेट माझ्या डोळ्यांत आलं, आणि माझ्या हातातला बेलाचा द्रोण सांडला. "माफ करा हं... खांबावर पाडत होतो," तो म्हणाला आणि हसला. झालं! माझं मेलं काळीज तिथंच घसरलं.

बसवेश्वर त्याचं नाव, अंबाजोगाईचा. प्रबंधासाठी यादव राजांच्या घराण्यानं बांधलेली देवळं धुंडाळत फिरायचा. वडवणीजवळच्या आमच्या महादेवाच्या देवळात यादवांच्या एका राणीनं कोरून घेतलेल्या सात ओळी आहेत, असं त्यानं कुठल्याशा जुन्या टिपणात वाचलं होतं. तीन दिवस तो खांबाखांबाशी आरसा धरून, तिरपं ऊन पाडून अक्षरं शोधत बसला, अन् मी तीन दिवस चहा नेत राहिले. त्यानं नुसतं वर बघितलं तरी दुसऱ्या दिवशी साखर जास्त पडायची.

ओळी कुठं आहेत, ते मला पक्कं ठाऊक होतं. गेल्या शिवरात्रीला महिला मंडळाची पुढारी मीच. देऊळ कसं नवंकोरं दिसावं म्हणून आमच्याच दुकानातून गुलाबी ऑइल पेंटचे डबे आणले. अक्षरांच्या खाचांतून रंग ओघळत होता, म्हणून मी स्वतः त्यात लांबी, म्हणजे भिंतीच्या भेगा बुजवायची पुट्टी भरली, वरून रंगाचे दोन हात दिले. शाबासकीपण घेतली! आता त्यानं विचारलं की मी म्हणायचे, आमाला न्हाई बा ठाऊक. आणि धरणीनं पोटात घ्यावं असं वाटायचं.

चौथ्या दिवशी त्यानं पिशवी भरली. टिपण चुकीचं असेल, प्रबंधातून हे देऊळ गाळतो म्हणाला. राणीचं नाव माझ्यामुळं पुसलं जाणार... आणि खरं सांगितलं, तर हा पुन्हा माझं तोंड बघणार नाही.

"थांबा," मी म्हणाले. "ओळी हायेत. ह्याच खांबात. मीच लांबी भरली, मीच रंगवलं... अन् तीन दिस तुमाला खोटं बोलले."

त्यानं खांबावरून हात फिरवला. नखानं रंगाचा पापुद्रा खरवडून बघितला. मान वर करायची माझी हिंमत नव्हती.

"शिवकन्या, राग आलाय मला," तो शेवटी म्हणाला. "लई आलाय."

"येऊ द्या."

"रंग हळूहळू काढावा लागेल. महिना जाईल. कोण काढणार?"

"मीच. रोज येईन."

"मग मलापण रोज यावं लागेल..." त्यानं पिशवी खाली ठेवली. "नाहीतर राग जायचा कसा?"

"लवकर नगा जाऊ देऊ," मी म्हणाले — आणि ओढणीत तोंड लपवलं.