चौदावी डिस्क

मी हैदर. अंबाजोगाईत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही कुणी विचारलं तर मी 'नाही' असंच म्हणतो.

पण १२ मे २०१६ ला, गुरुवारी, भर दुपारी जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालंय. यात पदरचं काही घातलेलं नाही. फक्त दवाखान्याचं नाव सांगणार नाही. घाटनांदूरकडं जाणाऱ्या रस्त्याला तो होता, एवढं पुरे.

तो उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना सांगायला नको. सलग दुष्काळ. जनावरं छावणीत, माणसं टँकरच्या मागं. रस्त्यानं एक पाखरू दिसत नव्हतं.

दवाखाना एका सहकारी संस्थेचा होता. संस्था बंद पडली, तसा दोन वर्षांपूर्वी दवाखानाही बंद पडला. आता इमारत दुसऱ्या कुणाला तरी द्यायची होती. त्याआधी जुन्या कॉम्प्युटरांच्या हार्ड डिस्क नष्ट करायच्या होत्या. पेशंटची नावं, आजार, तपासण्या, सगळं त्यात.

असली कामं मी आधीही केलेली. लोकांना वाटतं, फाईल डिलीट केली की संपलं. तसं नसतं. जाणकार माणूस ती परत काढू शकतो. म्हणून डिस्कला ड्रिलनं आरपार भोकं पाडायची, आतल्या चकत्या मोडायच्या, नंबर रजिस्टरला लिहायचा आणि साक्षीदाराची सही घ्यायची.

माझा एक नियम होता. आत काय आहे ते बघायचं नाही. लोकांची माहिती लोकांची. आपण फक्त मोडायची.

साक्षीदार म्हणून संस्थेचे जुने क्लार्क उत्तरेश्वर काका आले होते. पन्नाशीचा, अबोल माणूस. सलाईनच्या बाटल्यांच्या एका खोक्यात त्यांनी चौदा डिस्क भरून ठेवल्या होत्या.

"ही सोनोग्राफी मशीनची," एक डिस्क बाजूला काढत ते म्हणाले. "संस्थेच्या सायबाचा सकाळी दोनदा फोन आलता. ही आधी फोड म्हणले."

"कावून? हिच्यात काय एवढं हाय?"

"मला काय ठावं? फोड म्हणलं की फोडायची."

मला ते काही आवडलं नाही. मी ती मुद्दाम शेवटी ठेवली.

अकरा वाजता काम सुरू केलं. दोन वाजेपर्यंत तेरा डिस्क मोडून झाल्या. काही विशेष घडलं नाही. ड्रिलचा आवाज, छताच्या पत्र्याचा चटका, घाम.

मग चौदावी घेतली.

ड्रिलचं पातं टेकवलं... आणि कट्‌कन मोडलं.

दुसरं लावलं. तेही मोडलं.

तेरा डिस्कना जे पातं सहज पुरलं, ते हिच्यावर टिकेना. जास्तीची पाती मोटरसायकलच्या डिकीत होती. ती आणायला मी बाहेर व्हरांड्यात आलो.

तिथं पेशंटसाठीचं एक लाकडी बाकडं होतं.

बाकड्यावर... एक बाई बसली होती.

साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाया घालतात तसा. डोक्याला फडकं. तोडीला जाऊन आलेली माणसं त्या महिन्यात गावात असायचीच. मला नवल वाटलं नाही.

"मावशी, दवाखाना बंद हाय," मी म्हणालो.

"ठावं हाय भाऊ." तिनं मान वर केली नाही. "माझा फोटू हाय आत. पोटाचा."

"सोनोग्राफीचा?"

"हां. डाक्टर म्हणले पिशवी सडलीय. काढाया लागंल. काढली. फोटू काय दाखवला न्हाई." डोक्याचं फडकं सारखं करत ती म्हणाली, "तुमी मोडताव ना समदं? आधी माझा फोटू द्या."

"नाव काय तुमचं?"

"भिवराबाई."

"बसा. आतल्या काकांना विचारतो."

मी आत येऊन उत्तरेश्वर काकांना सांगितलं. त्यांच्या हातातला पेन खाली पडला.

"कोण म्हणलास?"

"भिवराबाई. टोळीतली दिसती. बाहेर बसलीय."

पेन उचलत काका हळूच म्हणाले, "ऑपरेशन झाल्यावर ती दर गुरवारी यायची. फोटू मागायची. आमी तिला हाकलून द्यायचो."

"मग?"

"दोन सालाखाली कारखान्यावर गेलती. उसाच्या फडातच पडली. तितंच गेली ती, हैदर."

मी धावत व्हरांड्यात गेलो. काका माझ्या मागं दारापर्यंत आले. त्यांची नजर खाली जमिनीकडं होती.

"कुणी न्हाई तितं," ते म्हणाले. "चल आत."

खरंच कुणी नव्हतं.

मी बाकड्यावर वाकून बघितलं. दोन वर्षांची धूळ साचलेली. त्या धुळीवर... कुणी बसल्याची खूण नव्हती.

आत आलो आणि लाईट गेली.

पंखा थांबला. ड्रिल बंद. इतकी शांतता की माझाच श्वास मला ऐकू येत होता.

आणि मग...

टिक.

टिक... टिक...

घुर्रर्र.

टेबलावरची ती डिस्क फिरत होती.

तिला वायर नव्हती. कशालाच जोडलेली नव्हती. मी हात लावला. ती गरम होती. आत काहीतरी जिवंत असावं तशी हातात थरथरत होती.

"फोड!" काका ओरडले. त्यांनी कोपऱ्यातला हातोडा उचलला. "सरक! मी फोडतो!"

मी डिस्क छातीशी धरली. का धरली, ते मला अजून सांगता येत नाही. मी एवढंच म्हणालो, "काका, तिनं मागितलंय."

त्यांचा हातोडा तसाच वर राहिला. मग हळूहळू खाली आला.

डिस्क गप्प झाली होती.

काकांनी रजिस्टर ओढलं. 'चौदा नष्ट' असं लिहिलं आणि सही केली. मीही केली. माझ्याकडं न बघता ते सायकलवर बसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी ती डिस्क लॅपटॉपला जोडली. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला.

भिवराबाईचं नाव सापडलं. वय सव्वीस. फोटो होता. खाली इंग्रजीत रिपोर्ट होता.

गर्भाशय नॉर्मल. काहीही दोष नाही.

मी पुन्हा वाचला. मग बाकीचे वाचले. नको वाटत होतं, तरी वाचले. पिशवी काढल्याची नोंद असलेल्या, भिवराबाई धरून, अकरा बाया अशा निघाल्या, ज्यांच्या रिपोर्टात काही म्हणजे काही नव्हतं. सगळ्या तोडीला जाणाऱ्या. सगळ्या पस्तिशीच्या आतल्या.

भिवराबाईचा फोटो आणि रिपोर्ट छापून घेतला. चौकशी करत त्याच दिवशी तिच्या आईच्या वस्तीवर गेलो. आईचं नाव केशरबाई.

म्हातारी दारातच उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. त्या दिवसांत अनोळखी माणसाला कुणी आपणहून पाणी देत नव्हतं.

"ये भाऊ," ती म्हणाली. "तू हैदर न्हवं का?"

मी गाडीवरून उतरायचं विसरलो.

"तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"भिवरा आलती की काल. दुपारच्याला." ती इतक्या साधेपणानं बोलली, जणू लेक शेजारच्या गावाहून येऊन गेली. "म्हणली, हैदरभाऊ फोटू आणतेत. त्यांला पाणी दे."

मी तिच्या हातातून तांब्या घेतला.

तिला वाचता येत नव्हतं. मी मराठीत सांगितलं. एकेक ओळ.

"म्हंजी पिशवी चांगली व्हती?"

"हो मावशी. चांगली होती."

तिनं तो कागद पोटाशी धरला. रडली नाही. म्हणाली, "कंबर धरून मोळ्या उचलायची पोरगी. आपल्याच अंगात खोट हाय म्हणायची. मरूस्तवर म्हणायची."

मग तिनं विचारलं, "आनी कुणाकुणाचं हाय त्यात?"

मी नावं सांगितली नाहीत. म्हणालो, ज्यांना बघायचंय त्यांना दुकानात पाठवा. ज्याचं त्यालाच देईन.

पुढच्या दोन महिन्यांत बाया आल्या. एकट्यानं, दुकान रिकामं बघून. प्रत्येकीला फक्त तिचा कागद दिला. कुणी फाडला, कुणी चोळीत घातला, दोघी-तिघी तो घेऊन तालुक्याला सरकारी साहेबांकडं तक्रार द्यायला गेल्या. भिवराबाई सोडून राहिल्या दोघी. त्या वारल्या होत्या. त्यांचे कागद त्यांच्या आयांना पोचवले.

शेवटी केशरबाईला विचारलं, आता डिस्कचं काय करू?

"मोड," ती म्हणाली. "आमच्या पोटाचे फोटू कुणाच्या हाती नगंत."

तिच्यासमोरच मी ड्रिल लावलं. पातं लोण्यात जावं तसं आत गेलं.

मला वाटलं, संपलं.

मागच्या दिवाळीत उत्तरेश्वर काकांचा फोन आला. इतक्या वर्षांनी. आवाज खोल गेलेला.

"हैदर, एक इच्यारू? त्या दिवशी तुला किती दिसल्या?"

"किती म्हणजे? एकच की. भिवराबाई."

काकांनी दुसरंच विचारलं.

"दारात मी मान कावून वर केली न्हाई, ठावं हाय का तुला?"

"कावून?"

"आरं... एकदाच बघितलं म्या. व्हरांडा भरला व्हता. पार फाटकापस्तोर बायाच बाया. पाय ठिवाया जागा न्हवती."

फोन कट झाला. पुन्हा लावला, तर उचलला नाही. आजपर्यंत उचललेला नाही.

मी हिशोब लावत बसतो. चौदाव्या डिस्कमध्ये अशा अकराच बाया होत्या, त्यातल्या वारलेल्या तीनच.

मग बाकीच्या कोण?

त्या दिवशी अकरापासून दोनपर्यंत मी तेरा डिस्क मोडल्या होत्या.

नीट मोडल्या होत्या. परत काही निघणार नाही अशा.

आत काय आहे ते न बघता.