पाण्याखालचा डाव

त्या दिवशी मी समुद्राचं पाणी आणायला गेले ते केवळ बर्फाचं यंत्र बिघडलं होतं म्हणून. त्यापलीकडे त्यात काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

आमचा शरीरक्रियाशास्त्राचा विभाग बंदराला लागूनच आहे. तिथली प्रयोगशाळा मी सांभाळते. यंत्रं लावायची, काचा धुवायच्या, मुलांच्या मनगटांना तारांच्या पट्ट्या बांधायच्या, हे माझं काम. जानेवारीत डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना बुडीचा प्रयोग असतो. एकाने श्वास रोखून थंडगार पाण्याच्या टबात तोंड बुडवायचं आणि बाकीच्यांनी यंत्राच्या कागदी पट्टीवर त्याच्या हृदयाचे ठोके बघायचे. चेहऱ्याला गार पाणी लागलं की हृदय आपोआप मंदावतं. समुद्रातल्या सील प्राण्याचं मंदावतं, तसंच माणसाचं. शरीराला वाटतं आपण बुडालो, आणि ते आतला प्राणवायू पुरवून पुरवून वापरायला लागतं. तोंड वर काढलं की ठोके पुन्हा धावत सुटतात. प्रयोग एवढाच.

"राग्ना, नळाचं पाणी काही पुरेसं गार नाही," मुलांना शिकवणारा अस्लाक म्हणाला. "धक्क्यावरून दोन बादल्या आणतेस? दारात एवढा समुद्र आहे आणि आपण बर्फासाठी रडतोय."

दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती, पण इतक्या उत्तरेला, आमच्याकडे जानेवारीत सूर्य उगवतच नाही. दक्षिणेला डोंगरामागे निळसर कड दिसते, तीही थोड्या वेळात विझते. धक्क्यावर कुणी नव्हतं. दोराला बांधून बादली खाली सोडली. पाणी इतकं काळं होतं की बादली टेकली कधी ते कळलंच नाही, आवाजही आला नाही. पहिली सहज वर आली. दुसरी मात्र जड लागली. मध्येच दोर ताणला गेला, जरासा थरथरला, मग सैल झाला. वर आणून पाहिलं, तर नुसतं पाणी. फक्त वास वेगळा होता. धक्क्यावर मीठ आणि डिझेलचा वास असतो. हा ओल्या लोकरीचा होता.

मी बादल्या टबात ओतल्या तेव्हा प्रयोगशाळेत मुलांचा गोंधळ चालला होता. बुडीच्या प्रयोगाला बेटावरच्या मुलांना पुढे ढकलायचं ही आमच्याकडची जुनी गंमत.

"बेटकरांनी आधी!" पेडर ओरडला. तो ओस्लोचा. "यांच्या गालांखाली कल्ले असतात!"

"आणि तुमच्या डोक्यात भुसा," सुन्निवा म्हणाली. "पाण्याला घाबरता ते त्यासाठीच. भिजला तर फुगेल."

सगळे हसले. मग पेडरला एकदम काहीतरी आठवलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. सुन्निवा स्कार्वोय बेटावरची. ख्रिसमसच्या आधीच्या वादळात तिचा भाऊ एलिंग बोटीसकट गेला होता. बोटीचा अर्धा भाग सापडला. तो नाही.

"सॉरी गं… मी विसरलोच."

"असू दे रे. मीच बसते." तिने बाह्या वर केल्या. "मी आणि एलिंग लहानपणी हाच खेळ खेळायचो. एकाच टबात समोरासमोर तोंडं घालायची. जो आधी वर येईल तो हरला. मी एकदाही जिंकले नाही."

मी पट्ट्या बांधल्या. तिने श्वास घेतला, तोंड बुडवलं. यंत्राची लेखणी कागदावर उंच टोकं काढत होती, हळूहळू त्यांच्यातलं अंतर वाढलं. अगदी शिकवतात तसं. आणि मग त्या मोकळ्या जागेत आणखी एक टोक दिसलं. लहानसं. तिच्या ठोक्यांशी त्याचा काही मेळ नव्हता. ते आपल्याच चालीने येत होतं, फार सावकाश.

"हृदय फार मंदावलं की त्याच्या खालच्या भागातल्या पेशी आपणहून ठोका देतात," अस्लाक मुलांना म्हणाला. "घाबरायचं नाही."

तिने तोंड वर काढलं. तिचे ठोके धावले. लहान टोक नाहीसं झालं.

"पट्टी सैल असेल," पेडर म्हणाला.

सैल नव्हती. मग अस्लाकने हसत टाय खांद्यावर टाकला, पट्ट्या स्वतःच्या मनगटांना बांधून घेतल्या आणि स्वतः तोंड बुडवलं. त्याचं हृदय मोठ्या बाप्याचं, टोकं रुंद. त्यांच्या मध्ये तेच लहान टोक. तीच चाल. आता कुणी हसत नव्हतं. खोलीत ओल्या लोकरीचा वास भरला होता.

"तारेतून बाहेरचं काहीतरी येतंय," तोंड पुसत अस्लाक म्हणाला. "राग्ना, सगळं पुन्हा नीट जोड. सुन्निवा, एकदा शेवटचं. तीस सेकंद, मी टाळी वाजवली की वर यायचं."

मी पट्टी बांधताना ती माझ्या कानाशी आली.

"राग्ना… तो खाली आहे. वाट बघतोय."

"वेडेपणा करू नकोस."

"दरवेळी मीच आधी वर यायचे. आत्ताही आले… म्हणून तो तिथेच राहिला. यावेळी त्याला आधी यावं लागेल."

"अगं, आई आहे ना तुझी घरी?"

"तिच्यासाठीच," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत तिने तोंड पाण्यात घातलं.

अस्लाकने टाळी वाजवली. ती हलली नाही. पुन्हा वाजवली. तिचे ठोके एकमेकांपासून लांब लांब जात होते, लहान टोकही आणखी सावकाश झालं होतं. कोण आधी थकतं ते बघत बसल्यासारखं.

"सुन्निवा! पुरे!" अस्लाक ओरडला. पेडरने तिचे खांदे धरले. तिने टेबलाची कड अशी आवळली होती की दोघांना ती सुटेना. तिचे कान निळे पडले होते.

मी तिच्या कपाळाखालून पाण्यात उजवा हात घातला. कपाळ धरून वर ढकलावं म्हणून. टब वीतभर खोल. माझी बोटं केसांना लागली… पण ते केस आखूड होते, राठ. त्यावर विणलेली लोकरीची टोपी. सुन्निवाचे लांब केस माझ्या मनगटाच्या वर तरंगत होते.

मी किंचाळले की नाही ते आठवत नाही. दुसऱ्या हाताने तिचे ते लांब केस धरले आणि सगळा जोर लावून मागे ओढले. लेखणी वेडीवाकडी धावायला लागली.

ती जमिनीवर पडून खोकत होती. ओठ काळेनिळे, पण डोळे चमकत होते.

"तो आधी आला ना? सांग ना… मी जिंकले ना?"

मी टबात वाकून पाहिलं. टबात नुसतं पाणी होतं. अस्लाकच्या सांगण्यावरून मी ते धक्क्यावर नेऊन समुद्रात ओतलं आणि मागे न बघता परत आले.

त्याच संध्याकाळी वसतिगृहात तिच्या आईचा फोन आला. समुद्राकाठच्या त्यांच्या होड्यांच्या शेडचं दार आतून बंद झालं होतं. आत कुणीतरी होतं. सुन्निवा पहिल्या बोटीने घरी गेली.

ती परत दिसली ती मार्चमध्ये. सूर्य आला होता, बाहेर कडाक्याची कोरडी थंडी होती. ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. तिच्या कपाळावरचे केस ओले होते.

"एलिंग…?" मी विचारलं.

"घरी आहे." ती आत आली. "तो कागद आहे का गं तुझ्याकडे?"

कागद मी ठेवला होता. आम्ही दोघी खिडकीशी वाकलो. तिचे ठोके जिथे धावायला लागले, नेमकं तिथेच लहान टोकही धावायला लागलं होतं. कोण आधी वर आलं ते सांगता येत नव्हतं.

"तेच तो म्हणतो," ती हळूच म्हणाली. "डाव झालाच नाही म्हणतो. मध्ये कुणाचा तरी हात आला."

"आणि… तू काय सांगितलंस?"

"तुझं नाव नाही सांगितलं, राग्ना. शपथ." तिने माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. "पण हात त्याने पाहिलाय."

ती गेली. पुन्हा वर्गात आली नाही. तिच्या घरी मी फोन करून पाहिला. उचलला जातो, पण कुणी बोलत नाही. थेंब पडल्याचा आवाज येतो, फार सावकाश.

तेव्हापासून मी तोंड धूत नाही, कोमट फडक्याने पुसते. बुडीचा प्रयोग बंद झाला. टब धुऊन, पुसून कपाटात ठेवून मीच कुलूप लावलं.

आज सकाळी दार उघडलं तर खोलीत ओल्या लोकरीचा वास होता. टब टेबलावर होता, काठोकाठ भरलेला. त्याच्या दोन बाजूंना दोन स्टुलं समोरासमोर ओढून ठेवलेली होती. एकाची बैठक ओली होती. दुसरं कोरडं होतं, दाराकडे जरासं वळवलेलं.