रिकाम्या खुर्चीचं कापड

दिवा जरा मोठा करा, मग सांगतो. भुताखेतांवर विश्वास नसला तरी चालेल, सेजलचाही नव्हता.

गोव्यातल्या मये गावची ही सेजल. विणायचं यंत्र घेऊन डोळ्यांना फसवणारी कापडं विणायची. समोरून बघाल तर नुसते काळे-पांढरे पट्टे. बाजूला सरकून तिरकं बघा, उंच टाके पुढे येतात, सपाट टाके लपतात आणि चित्र उमटतं! पणजीतल्या एका हॉटेलवाल्याला नमुना पसंत पडला, तर सगळ्या खोल्यांचं काम तिचं. नाहीतर यंत्र धूळ खाणार आणि शेजारणी म्हणणार, "सांगलेला ना आमी!"

नमुन्याला तिने रिकामी खुर्ची काढली. डोळ्यांसमोर होती तीच, सोप्यावरची. गेल्या वर्षी वारलेले सासरे, सगुणमामा, दिवसभर त्या खुर्चीत बसून चहात पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, गोल उंडो बुडवून खायचे.

संध्याकाळी कापड भिंतीवर लावलं. सासू भाग्यलक्ष्मी बाजूने जाता जाता थबकली.

"सेजल... हे बसलेले आसत गो."

सेजलने तिरकं पाहिलं. खुर्चीत म्हातारा! समोर आली, पट्टे. बाजूला गेली, म्हातारा. कॉम्प्युटरवर काढलेल्या मूळ नमुन्यातली खुर्ची मात्र रिकामीच. तिने सगळं उसवून पुन्हा विणलं, तर आता गृहस्थ मांडी घालून ऐसपैस! वर खोलीत मामांच्या विडीचा वास... सेजलची पाचावर धारण बसली.

"तेंची खुर्ची ती," सासू म्हणाली. "तेंका न विचारता पणजीक नेतंस, मगे बसतले नाय तर काय? गाऱ्हाणा घाल."

आपल्याकडे नांगर धरायचा तरी आधी गाऱ्हाणं, म्हणजे देवा-पितरांना हात जोडून विनवणी. सेजलने हात जोडले.

"बा मामंजी महाराजा... खुर्ची नाय, नुसता चित्र नेतंय... काम झाला तर चाय आणि उंडो ठेवतंय तुमका..."

"होय म्हाराजा!" सासूने साथ दिली.

कापडातली खुर्ची रिकामी झाली.

हॉटेलवाल्याने मान वाकडी करून पाहिलं आणि खूश झाला. कापड ठेवून घेतलं, सगळ्या खोल्यांचं काम दिलं! सेजल हुरळून गेली ती अशी, की चहा-उंड्याचं साफ विसरली.

मग एका सकाळी हॉटेलातून फोन.

"बाई, कापड झकास आहे. पण ते लावलंय ती खोली रिकामी आहे हो... आणि तिथून सारखा फोन येतोय... चहा आणि उंडो पाठवा म्हणून..."

त्याच्या मागे कुणीतरी खोकलं. तो खोकला सेजलने लग्न झाल्यापासून मामा जाईपर्यंत रोज ऐकला होता. 

फोनवर काय चाललंय हे भाग्यलक्ष्मीला कुणी सांगितलं नव्हतं. तरी ती रांधपघरातून ओरडली, "साकर घालू नका म्हण गो! डायबेटीस आसा तेंका!"